रिपोर्ट चांगला आला, पण घास अडतो

मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, वय ४६. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाची, सवय जुनी. उजव्या गालात आतून जखम झाली आणि ती भरेचना, म्हणून तपासलं तर कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याची कड काढली, छातीचं मांस तिथे लावलं. मानेत हाताला काहीच लागत नव्हतं, तरी मानेतल्या गाठी काढल्या. त्यांतल्या दोनमध्ये रोग निघाला. मग ३० लाईट (रेडिएशन) झाल्या. शेवटची लाईट होऊन आता वर्ष झालं. तपासणीला गेलं की डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. सासूबाई म्हणतात, जीव वाचला, आता कुरकुर करू नका.

पण घरात छान काही नाही. तोंड बोटभर उघडतं. वरण-भात मिक्सरमधून काढून देते, तोही ते एकटे, भिंतीकडे तोंड करून खातात. पाणी पिताना ठसका लागतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दिवसभर तोंडावर दुपट्टा घेऊन पडून असतात. नोकरीचं नाव काढत नाहीत. परवा म्हणाले, "मी असून काय उपयोग?" आता सुगंधी सुपारी चघळायला लागलेत, म्हणतात यात तंबाखू नाही. रात्री वेगळे झोपतात. वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, तिथे येणार नाही म्हणतात. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठल्यावर असल्या गोष्टी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाणं बरं दिसतं का? आणि किती वर्षं धरायची, हेही कुणी सांगत नाही.

– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी पुढच्या तपासणीपर्यंत थांबण्यासारख्या नाहीत. आधी त्या.

"मी असून काय उपयोग" हे वाक्य रागाच्या भरात निघालं असेल असं समजून सोडून देऊ नका. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधून उठलेल्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका इतर बऱ्याच कॅन्सरच्या रुग्णांपेक्षा जास्त असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. कारण उघड आहे. चेहरा, बोलणं आणि जेवण या तिन्ही गोष्टींवर माणसाचं चारचौघांतलं जगणं उभं असतं, आणि हा आजार नेमका त्यांवरच घाव घालतो. तेव्हा आज, घरात कुणी नसताना, त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की माणूस बोलतो, आणि बोलला की मदत मिळवता येते. ते हो म्हणाले, किंवा काहीच बोलले नाहीत आणि तुमचं मन साशंक झालं, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या नंबरावर चोवीस तास सुरू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता, फक्त त्यांनीच केला पाहिजे असं नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलूपबंद करा किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्या. दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही तुमच्या ताब्यात असू द्या.

दुसरी गोष्ट ठसक्याची. लाईटनंतर गिळण्याचे स्नायू कडक आणि मंद होतात, आणि पाण्याचा थोडा भाग अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जातो. ठसका लागतो तो शरीर स्वतःला वाचवतं म्हणून. काही जणांना तर ठसकाही लागत नाही आणि पाणी चोरपावलानं फुप्फुसात जात राहतं. वारंवार ताप येणं, छातीत घरघर होणं, जेवणानंतर आवाज ओलसर वाटणं, वजन उतरत जाणं, यातलं काही असेल तर उद्याच दाखवा. नसेल तरी या महिन्यात गिळण्याची तपासणी करून घ्या. ती स्पीच थेरपिस्ट करतात. नावावरून वाटतं ते फक्त बोलणं शिकवतात, पण गिळणंही त्यांचंच काम. तोवर पाणी बसून, पाठ ताठ ठेवून, लहान घोटांनी. आडवं पडून पेला तोंडाला लावणं पूर्ण बंद. मान खाली घालून गिळण्याची एक रीत आहे, तिचा काहींना उपयोग होतो आणि काहींना होत नाही, म्हणून ती थेरपिस्टनं पाहून सांगितल्यावरच करा.

आता तुमचा खरा प्रश्न. असल्या गोष्टी घेऊन डॉक्टरांकडे जाणं बरं दिसतं का?

मी कॅन्सरच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करत आले आहे, आणि हा प्रश्न मला शब्द बदलून इतक्यांदा भेटला आहे की त्याचं उत्तर जोर देऊनच देते. जायलाच हवं. जीव वाचवणाऱ्यांपुढे पुन्हा हात पसरल्यासारखं वाटतं, उपकार विसरल्यासारखं वाटतं, म्हणून लोक गप्प बसतात. तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय, बरं आहे ना?" आणि रुग्ण मान हलवतो. डॉक्टर रोग परतला का ते पाहत असतात. रोग परतलेला नसतो, म्हणून ते म्हणतात छान. दोघंही खरं बोलतात आणि घास मात्र अडलेलाच राहतो.

तुम्हाला एक माहिती सांगते, तिनं कदाचित तुमचा संकोच कमी होईल. युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रुग्णाचं जगणं कसं चाललंय हे मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. एक सगळ्या कॅन्सरसाठी, ३० प्रश्नांची, आणि तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी आणखी ३५ प्रश्नांची वेगळी. परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्या मराठीत आणि हिंदीत तपासून घेतल्या आहेत. त्या ३५ प्रश्नांत काय विचारलंय माहीत आहे? तोंड मोठं उघडायला त्रास होतो का. गिळताना ठसका लागतो का. तोंड कोरडं पडतं का. घरच्यांसमोर जेवायला अवघड वाटतं का. चारचौघांत जाणं जड जातं का. शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली का. तुमचं अर्धं पत्र त्यात आहे, ताई. जगभरचे डॉक्टर उपचार कितपत साधला हे ठरवताना या गोष्टी मोजतात, मग तुम्ही त्या सांगायला का लाजायचं?

आणि सांगण्याचा नुसता मनालाच आधार मिळतो असं नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आजार शरीरात पसरलेले आणि केमो चालू असलेले ते रुग्ण होते. त्यांतल्या काहींना आपले त्रास ठरावीक वेळी संगणकावर नोंदवायला सांगितलं, आणि त्रास वाढला की नर्सला लगेच कळायचं. बाकीच्यांची नेहमीसारखी देखभाल झाली. त्रास नोंदवणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१ महिने किंवा त्याहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिने किंवा त्याहून जास्त. नवं औषध काही दिलं नव्हतं. तुमच्या यजमानांचा आजार मानेच्या गाठींपलीकडे पसरलेला नाही, त्यामुळे ते आकडे त्यांना लावू नका. पण त्रास वेळेवर कळला की तो वेळेवर हाताळला जातो, ही गोष्ट त्यांनाही तितकीच लागू आहे.

म्हणून एक वही करा. शाळेची शंभर पानी चालेल. त्यात दर रविवारी वजन, तोंड किती उघडलं, ठसका किती वेळा लागला, खांदा कितपत उचलला गेला, झोप कशी लागली, एवढंच लिहा. तपासणीला गेलात की डॉक्टरांनी "बरं आहे ना" विचारायच्या आत ती वही त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवा. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, हे मी रोज पाहते. लिहिलेलं असलं की त्या थोड्या वेळातही काम होतं.

खांद्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात मला थोडी खंत दिसली, की मानेत काही लागत नव्हतं तर कशाला कापलं. हा प्रश्न डॉक्टरांनाही अनेक वर्षं पडला होता. टाटा हॉस्पिटलमध्येच त्यावर मोठा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, मानेत हाताला गाठ न लागणारे ५०० रुग्ण. अर्ध्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, अर्ध्यांच्या बाबतीत गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट टक्के. त्या अभ्यासानं जगभर ऑपरेशनची पद्धत ठरवली. तुमच्या यजमानांच्या दोन गाठींत रोग निघाला म्हणजे ते ऑपरेशन त्यांच्या कामीच आलं. वाट पाहिली असती तर त्या गाठी मोठ्या होऊनच दिसल्या असत्या.

पण त्याची किंमत खांद्यानं दिली, हेही तितकंच खरं. मानेतून जाणारी एक नस खांदा उचलणारा स्नायू चालवते. गाठी काढताना ती नस वाचवली तरी ताणली जाते, मंद पडते, आणि खांदा खाली लोंबतो, हात वर जात नाही, रात्री दुखतो. न वापरता ठेवला तर सांधाही आखडतो. यावर फिजिओथेरपी आहे आणि ती वर्षानंतरही उपयोगी पडते. वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, दंत महाविद्यालयही तिथेच आहे. आर्वीहून नागपूरपेक्षा ते बरंच जवळ. दोन-तीनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, बाकीचे घरी. कंडक्टरच्या खांद्यावर बॅग असते, म्हणून शिकवणाऱ्याला त्यांचं काम काय आहे ते आवर्जून सांगा.

तोंड उघडण्यावर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण जेवण, दात, तपासणी आणि मन, सगळं तिथे येऊन अडतं.

साधारण मोठ्या माणसाची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, अशी तीन बोटं एकावर एक ठेवून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टर त्याला तोंड आखडणं म्हणतात. बोटभर म्हणजे त्याच्याही निम्म्याच्या आसपास. लाईटमुळे चावण्याचे स्नायू हळूहळू उन्हात वाळलेल्या चामड्यासारखे होतात, आणि ही क्रिया लाईट संपल्यावरही बराच काळ चालू राहते. शिवाय इतकी वर्षं खर्र्यातल्या सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर आधीच कडक केलेलं असणार. खर्रा खाणाऱ्या आपल्या भागातल्या किती जणांना कॅन्सर नसतानाही पाणीपुरी तोंडात जात नाही, ते बघा.

उपाय सोपा दिसतो आणि चिकाटी मागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या गठ्ठ्यानं मिळतात. स्वच्छ धुऊन, दातांच्या फटीत मावतील तितक्या एकावर एक ठेवायच्या आणि ताण बसेल एवढं तोंड उघडं धरायचं. बऱ्याच ठिकाणी सांगतात ते असं: दिवसातून पाच वेळा, दर वेळी पाचदा, प्रत्येकदा अर्धा मिनिट. काही दिवसांनी सहज वाटू लागलं की मध्ये एक काडी वाढवायची. यासाठी स्क्रूचं आणि तरफेचं यंत्रही मिळतं, पण सुरुवात काड्यांनी होते. त्यांच्या जबड्याची कड काढलेली आहे, म्हणून आधी सर्जनना किंवा दंतवैद्यांना विचारून कोणत्या बाजूच्या दातांवर ताण द्यायचा ते समजून घ्या. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. गालाला गरम पिशवीचा शेक देऊ नका. लाईट झालेल्या कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं.

तोंड पहिल्यासारखं होईल असं वचन मी देत नाही. वर्ष उलटलंय, आता प्रगती मिलिमीटरनं होईल. पण चारपाच मिलिमीटर वाढले तरी चमचा सरळ आत जातो, ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचतो, आणि डॉक्टरांचा आरसा आत जातो. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तोंड उघडलं नाही तर आत नवं काही होतंय का हे डॉक्टरांना दिसणार कसं? उद्या दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर नळी घालणंही कठीण होतं. आणि एक सावधगिरी. व्यायाम चालू असताना, दुखत-दुखत, थोड्या दिवसांत तोंड उघडणं अचानक कमी झालं, तर ते लाईटचंच असेल असं धरू नका. रोग परतल्याचं ते लक्षण असू शकतं. तारखेची वाट न पाहता दाखवा.

दातांचं थोडक्यात. लाईटनं लाळ कमी होते, लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. म्हणून दंतवैद्य देतील ते जास्त फ्लोराइडचं जेल किंवा पेस्ट रोज लावायचं, पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट घेत राहायचं. आणि कुठल्याही दवाखान्यात दाढ काढायच्या आधी "या जबड्याला लाईट झालीय" हे सांगितल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. अशा जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दाढ काढलेली जागा भरत नाही आणि हाड सडायला लागतं. हा धोका पाच-दहा वर्षांनीही असतो.

दिवसभर पडून असतात असं तुम्ही लिहिलंत. त्याला नैराश्य म्हणायच्या आधी, किंवा त्याच्याबरोबरच, रक्तातली टीएसएच तपासणी करून घ्या. मानेला लाईट झालेल्या पुष्कळ रुग्णांची थायरॉइड ग्रंथी पुढच्या काही वर्षांत मंदावते. थकवा, सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, काही नको वाटणं, ही सगळी तिची लक्षणं आहेत आणि रोजच्या एका छोट्या गोळीनं ती सुधारतात. ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते आणि ती राहून जाताना मी नेहमी पाहते. टीएसएच ठीक निघाली तरी मन आजारी असू शकतं, म्हणून रिपोर्ट काहीही येवो, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवाच. त्यांना तोंड कोरडं पडतं हे सांगा. मनाच्या आजारावरची काही औषधं कोरडेपणा वाढवतात, दुसरी तितकी वाढवत नाहीत. ते त्याप्रमाणे निवडतील.

सुपारीबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला तंबाखूच्याच पंक्तीत, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं आहे. ती तोंड आणखी आखडवते, म्हणजे काड्यांनी मिळवलेला प्रत्येक मिलिमीटर सुपारी परत घेते. पण ओरडून हे सुटणार नाही. ज्या माणसाचं जेवण, काम, मित्र सगळं गेलं, त्याच्या तोंडात उरलेली ही एकच जुनी सोबत आहे, हे समजून घ्या. तंबाखूचं व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिथे समुपदेशक बोलतात. सुपारीची तलफ येते त्या वेळा वहीत लिहा. बहुधा त्या जेवणानंतरच्या आणि रिकाम्या दुपारच्या असतील. काड्यांचा व्यायाम नेमका त्याच वेळांना ठेवा.

किती वर्षं धरायची?

मी आकडा देणार नाही, आणि ज्याला तुमच्या यजमानांची फाइल दिसत नाही अशा कुणाकडूनही घेऊ नका. पण एवढं नक्की सांगता येतं. तोंडाचा कॅन्सर परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी, फार तर तीन, आणि दुसऱ्या वर्षी थोड्या अंतरानं तपासणी ठेवतात. नंतर अंतर वाढत जातं आणि पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. वर्ष निर्विघ्न गेलं ही खरोखर मोलाची गोष्ट आहे. गाठींत रोग निघाल्यामुळे धोका गाठी स्वच्छ असणाऱ्यांपेक्षा जास्त होता, म्हणून तपासणीची एकही तारीख चुकवू नका. पाच वर्षांचा आकडा डॉक्टर वापरतात तो गटांची तुलना करण्यासाठी. सहाव्या वर्षी माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही. डॉक्टरांना असं विचारा: "आता परतण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते, आणि पुढच्या वर्षी ती किती कमी होईल?" यजमानांना हे ऐकायचं आहे का, ते आधी त्यांनाच विचारा. काहींना ऐकायचं नसतं, तो त्यांचा हक्क आहे.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, एका बाजूच्या कानात ठणका, रक्त, ओठाला बधिरपणा, यातलं काही दिसलं तर तारखेआधी जायचं.

नोकरी त्यांनी सोडलेली नाही ना? सोडू देऊ नका, राजीनामा तर मुळीच नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर तेवढ्याच पगाराचं दुसरं काम द्यायचं असतं. कायद्यानं स्थापन झालेली महामंडळं या व्याख्येत येतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढावं लागेल. खांद्याचं आणि बोलण्याचं दोन्हीचं मूल्यमापन करा म्हणून सांगा, टक्केवारी तिथलं मंडळ ठरवेल. मग ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचं पत्र आणि लेखी अर्ज आगारात द्या, पोच घ्या. तिकीट काढायला प्रवाशांशी बोलणं आज जड जाईल, पण आगारात बसून करायची कामंही असतात. सकाळी आंघोळ करून बाहेर पडायला एक जागा असणं, त्यांच्यासारख्या आयुष्यभर माणसांत काम केलेल्या माणसाला किती आधार देतं, ते मी पाहिलं आहे.

गिळण्याची तपासणी झाली की घरात एक बदल करा. मिक्सर कपाटात ठेवा. सगळं एकत्र फिरवलं की ना रंग उरतो ना चव, आणि ते भिंतीकडे वळून खातात त्यात त्या मिश्रणाचाही वाटा आहे. मऊ भात, त्यावर घोटलेलं वरण आणि तूप, ज्वारीची आंबील, दह्यात भिजवलेली पोळी, मऊ ऑम्लेट, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी, हे वेगवेगळ्या वाट्यांत द्या. त्यात काय गिळायला सुरक्षित आहे ते थेरपिस्टला विचारून घ्या, ठसका असताना पातळ पदार्थ काहींना जास्त त्रास देतात. तिखट बेताचं, लाईटनंतर झोंबतं. आणि तुम्ही त्यांच्याशेजारी बसून जेवा. पंगतीत नको, फक्त तुम्ही. ओठातून सांडतं, तर मांडीवर स्वच्छ रुमाल ठेवा आणि त्याकडे बघू नका.

रात्रीचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. कॅन्सर जवळ झोपल्यानं, चुंबनानं, उष्ट्यानं लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल तर सांगा. पुरुषांना बऱ्याचदा वाटतं की आपल्या तोंडाचा वास येतो, आपण बायकोला किळसवाणे झालो, आणि ते आपणहून अंथरूण हलवतात. तुम्ही त्यांचं अंथरूण परत आत आणा. बाकी काही व्हायला हवं असं नाही. आणि तुम्ही स्वतः कुणाशी बोलता? पत्रात तुमच्याबद्दल एक ओळ नाही. टेली-मानसचा नंबर तुमच्यासाठीही आहे. सासूबाईंना तपासणीला एकदा बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की कुरकुर आणि दुखणं यांतला फरक त्यांना कळेल.

लग्नाला जा, पण त्यांना ओढून नेऊ नका. त्यांना विचारा की फक्त अक्षता टाकायला येता का, जेवायला थांबायचं नाही, घरून जेवून निघायचं. नणंदेला आधी फोन करून ठेवा, म्हणजे मांडवात कुणी हात धरून पंगतीत बसवणार नाही. गळ्यात दुपट्टा असू द्या, विदर्भातल्या वैशाखात तो सगळ्यांच्याच गळ्यात असतो. नाही म्हणाले तर या वेळी तुम्ही एकट्या जाऊन या. फक्त वर सांगितलेला तो सरळ प्रश्न आधी विचारून झालेला असू द्या आणि त्या दिवशी घरात त्यांच्याबरोबर कुणीतरी असू द्या.